खिरणीच्या खुंटावर

गंजाडच्या पाड्यांवरून डहाणूकडे निघालं, की थोड्याच अंतरात मुलूख बदलतो. आत पूर्वेला कुडाच्या भिंती, भाताची खाचरं, ताडाची झाडं आणि उन्हाळ्यात उघडे पडणारे डोंगर. समुद्राकडे सरकलं, की घोलवड-बोर्डीच्या बाजूला चिकूच्या गर्द वाड्या, त्यांची कुंपणं, विहिरी आणि झाडीत दडलेली कौलारू घरं. गंजाडचं नाव जगाला कळलं ते कळंबीपाड्यात राहून वारली चित्रं काढणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे. या वाड्यांची ओळख मात्र कित्येक वर्षं एका आडनावाशी बांधलेली आहे: इराणी.

2011 च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्यात दहांतले जवळपास सात आणि तलासरीत दहांतले नऊ लोक आदिवासी आहेत. त्यांत वारली सर्वांत जास्त. अशा मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या वाळवंटी भागातली काही जरथुश्त्री कुटुंबं येत राहिली. त्यांची बोली इथं कोणाला कळत नव्हती, त्यांचा देव इथं कोणी पूजत नव्हतं, ते खात होते ते इथं शिजत नव्हतं. तरी ती वसली. ज्यांची मुलं-नातवंडं आज परदेशातल्या एखाद्या लहान शहरात, जिथं दुसरं मराठी घर शोधावं लागतं अशा ठिकाणी संसार मांडून आहेत, त्यांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. आपलं कोणी नसलेल्या ठिकाणी मूठभर माणसं रुजतात कशी, आणि त्यांच्या रुजण्याचा भार कोणावर पडतो?

डहाणूच्या बाबतीत यावर बरंच लिहिलं गेलंय, पण वेगवेगळ्या फडताळांत. इराणी कुटुंबांच्या आठवणी आहेत: छळ, लांबचा प्रवास, रिकामे हात, घाम गाळून उभी केलेली वाडी. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आहे, ज्यात हाच मुलूख वेठीच्या खालून दिसतो. डेव्हिड हार्डिमन यांचं देवी चळवळीवरचं संशोधन आहे, ते दारूच्या दुकानापासून सुरू होतं. आणि पर्यावरणाच्या लढ्याची कागदपत्रं आहेत, ज्यांत इराणी बागायतदार फिर्यादी म्हणून उभे दिसतात. पहिल्या फडताळातलं वाचणारा दुसऱ्याला सहसा हात लावत नाही. ही चारही एकत्र वाचल्याशिवाय डहाणूचे इराणी कळत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

आधी ते का निघाले ते पाहू. याझ्द आणि केरमान ही इराणमधल्या जरथुश्त्री लोकांची उरलीसुरली दोन मोठी ठाणी. काजार राजवटीत त्यांच्यावर जिझिया होता. कपड्यांवर बंधनं होती, गावात घोड्यावर बसायला बंदी होती, साक्षीला आणि वारशाला दुय्यम किंमत होती. मुंबईच्या पारशांनी 1854 मध्ये माणेकजी लिमजी हातारिया यांना तिकडे धाडलं. त्यांच्या आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मुंबईच्या पैशाच्या खटपटीतून 1882 मध्ये जिझिया उठला. मधल्या काळात, 1870 नंतरच्या दोन वर्षांत, इराणात भयंकर दुष्काळ पडला. छळ आणि भूक अशा दोन्हींनी ढकललेली माणसं मुंबईकडे निघाली, कारण तिथं धर्मभाऊ होते आणि ते श्रीमंत होते.

म्हणजे हे लोक अगदी अनोळखी किनाऱ्यावर उतरले असं नव्हे. डहाणूच्या उत्तरेला हाकेच्या अंतरावर, आज गुजरातच्या हद्दीत, संजाण आहे. पारशी परंपरेत पूर्वजांची गलबतं लागली ती तिथं. 1599 मध्ये लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’ या फारसी काव्यात ती हकिकत आहे. स्थानिक राजानं आसरा देताना घातलेल्या अटीही त्यात आहेत: इथली भाषा बोला, बायकांनी इथला पोशाख करावा, शस्त्रं खाली ठेवा, लग्नं सूर्य मावळल्यावर लावा. पुढे संजाण पडलं तेव्हा पवित्र इराणशाह अग्नी बारा वर्षं बाहरोटच्या डोंगरातल्या लेण्यांत लपवून ठेवला होता, अशी श्रद्धा आहे. ती लेणी आजच्या डहाणूच्याच डोंगरात आहेत. तो अग्नी शेवटी 1742 मध्ये उदवाड्याला स्थिरावला, आणि उदवाडा याच रेल्वेमार्गावर आहे. नव्यानं आलेल्या इराणी कुटुंबाला पाठीशी मुंबई, पुढ्यात उदवाडा आणि मधे रेल्वे मिळाली. थोडे लोक वसतात तेव्हा अशा आधाराच्या जागा त्यांच्या जिद्दीइतक्याच कामाला येतात. आठवणींच्या फडताळात मात्र जिद्दीचंच पान मोठं असतं.

मुंबईत आणि पुण्यात राहिलेले इराणी गल्ल्यावर बसले. कोपऱ्याची जागा हिंदू दुकानदार शुभ मानत नसत, ती यांनी घेतली. संगमरवरी टेबलं, ब्रून-मस्का, पाणीकम चहा. या हॉटेलांवर इतकं प्रेमानं लिहिलं गेलंय की इराणी म्हटलं की मराठी वाचकाला तेवढंच आठवतं. पण शहरातल्या आणि डहाणूच्या इराण्यांत मुळात फरक आहे. हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक लागतं. कोणीही येईल, चहा पिईल, जाईल. वाडीवाल्याला जमीन लागते आणि त्या जमिनीवर राबणारे हात लागतात. हॉटेल बंद पडलं तर कोपरा दुसऱ्याला मिळतो. वाडी मात्र आधीच कोणाची तरी असते.

याझ्दच्या कोरड्या भूमीत ही माणसं भुयारी कालव्यांनी, कनातांनी, डोंगराचं पाणी थेंब थेंब मोजून शेतात आणत. तिथून ती आली ती चार महिने धो धो कोसळणाऱ्या आणि उरलेले आठ महिने विहिरीवर जगणाऱ्या किनारपट्टीत. बागाईत त्यांच्या हाडात होतं, आणि इथं त्यांच्या हाती लागलेलं झाडही परकंच होतं. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. तिथल्या नाहुआत्ल भाषेतलं त्याचं नाव स्पॅनिश लोकांनी चिकोसापोते असं केलं, मनिलाच्या गलबतांनी ते फिलिपिन्सला नेलं, आणि आपल्याकडे त्याचं अर्धं नाव तेवढं उरलं. स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या मुलखातलं फळ, फारसीच्या कुळातली बोली बोलणाऱ्यांनी, वारल्यांच्या जमिनीत वाढवलं. 2016 मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं, 2021 मध्ये तो ब्रिटनला रवाना झाला, आणि पालघर जिल्ह्यात सुमारे 5,000 हेक्टर चिकूखाली आहेत. बोर्डीच्या किनाऱ्यावर 2013 पासून चिकू महोत्सवही भरतो. घोलवडच्या मातीत चुन्याचा अंश जास्त, म्हणून इथली गोडी वेगळी, असं बागायतदार सांगतात.

एक गोष्ट महोत्सवात क्वचितच सांगितली जाते. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. खिरणी ही इथली. मुळं खोल, वाढ हळू, दणकट झाड. भेट कलमात खिरणीचं रोप चिकूच्या फांदीजवळ आणतात, दोघांची साल थोडी थोडी तासतात आणि घट्ट बांधतात. काही महिने दोघंही आपापल्या मुळांवर जगत असतात. सांधा जुळला की चिकूची फांदी खालून कापून सोडवतात आणि खिरणीचा शेंडा सांध्याच्या वर छाटून टाकतात. पुढे पन्नास-साठ वर्षं फळ चिकूचं, मुळं खिरणीची. हे बागेतलं रोजचं काम आहे, त्यात कोणाचा दोष नाही. पण वाडीत उभं राहिलं की मला तो छाटलेला शेंडा आठवतो, आणि मग दुसरं फडताळ उघडावं लागतं.

1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानं मोहाची दारू गाळणं आणि ताडी काढणं सरकारच्या मक्त्याखाली गेलं. जे वारली-कोकणा घरात, सणाला, मर्तिकाला स्वतः करत होते ते गुन्हा ठरलं. आता तीच वस्तू मक्तेदाराच्या दुकानातून पैसे मोजून, नाहीतर उधारीवर घ्यायची. दक्षिण गुजरात आणि उत्तर ठाण्यात हे मक्ते मोठ्या प्रमाणात पारशांकडे होते. त्यांच्या पाठोपाठ आलेल्या इराण्यांपैकीही काहींनी याच धंद्यातून पाय रोवले. उधारीची वही वाढली की तारण जमीन. हार्डिमन यांनी दाखवलंय की 1922 च्या देवी चळवळीत आदिवासींनी दारू सोडली तेव्हा तो नुसता व्यसनमुक्तीचा कार्यक्रम नव्हता. दारू विकणाऱ्या आणि जमीन बळकावणाऱ्या पारशांवर तो बहिष्कार होता. त्यांच्याकडे मजुरीला जायचं नाही, असं अंगात आलेल्या देवीच्या तोंडून सांगितलं जात होतं.

पुढची वीस वर्षं परुळेकरांच्या पुस्तकात आहेत. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायको दोघंही जमीनदाराच्या घरी राबतात, त्याला लग्नगडी म्हणत. वेठ होती, मार होता, बायकांच्या अब्रूवर हात होता. मे 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्यात पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण मेले. जमीनदार एका जातीधर्माचे नव्हते. गुजराती वाणी, ब्राह्मण, मुसलमान, पारशी, इराणी, सगळे होते. इराण्यांनीच हा जुलूम आणला असं म्हणणं खोटं ठरेल. पण परदेशातला छळ सोसून आलेल्यांनी इथं वेगळं वागून दाखवलं असंही म्हणता येत नाही. ते इथल्या व्यवस्थेत आले आणि त्या व्यवस्थेत जी खुर्ची रिकामी दिसली तिच्यावर बसले. मला वाटतं, संजाणच्या अटींपेक्षा ही न बोललेली अट जास्त खरी होती: इथं वसायचं तर इथली उतरंड मान्य करून वसा.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला. 1 एप्रिल 1957 हा कृषिदिन ठरला, कसणारा मालक मानला गेला. पण ऊस, फळं आणि फुलांसाठी भाड्यानं दिलेल्या जमिनींना त्याच कायद्याच्या 43-अ कलमानं काही तरतुदींतून वगळलं. शिवाय स्वतः लावलेली वाडी ही स्वतः कसलेली जमीन, तिथं राबणारा मजूर. त्याला कूळ म्हणायचं कशाच्या आधारावर? भातखाचराच्या बाबतीत जो दावा करता येत होता तो वाडीच्या कुंपणापाशी थांबत होता. 1974 च्या जमीन परत देण्याच्या कायद्यानं 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनींचा प्रश्न हाती घेतला. त्याआधीच गेलेलं बरंच काही त्याच्या बाहेर राहिलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उभी राहिलेली कष्टकरी संघटना मग मजुरीचे दर, वेठीचे अवशेष आणि वनजमिनी यांवर लढली.

आता भाषेकडे येऊ. एखादं कुटुंब कुठं वसलं आणि कुठं नुसतं राहिलं, हे भाषेवरून ओळखता येतं असं मला वाटतं. इराणी घरांत चालते ती दारी. अफगाणिस्तानातली दारी वेगळी, ही याझ्द-केरमानच्या जरथुश्त्र्यांची, तिला बेहदिनी असंही म्हणतात. ती लिहिली जात नाही, घरातच शिकावी लागते. पारशी हजार वर्षांत गुजराती झाले; इराण्यांनी बाहेरच्या व्यवहारासाठी गुजराती घेतली पण घरात दारी धरून ठेवली. आणि वाडीत ते वारली बोलले. हे मी महत्त्वाचं मानते. इतर कित्येक मालकांनी आदिवासींना आपली भाषा शिकायला लावलं; जुन्या पिढीतल्या अनेक इराण्यांनी मात्र त्यांची उचलली. पण भाषा कुठं शिकली जाते याला किंमत आहे. वाडीत शिकलेली वारली आधी हुकुमाची असते: पाणी सोड, फळं उतरव, उद्या लवकर ये. तीच भाषा सुखदुःखाची व्हायला दोन पिढ्या लागतात, काही घरांत त्याहून जास्त.

याच डहाणूत उलट दिशेनं झालेला एक प्रयोग आहे. ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. 1957 मध्ये त्यांचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्या मुलासाठी कुरणात न्यायची, ही कल्पना तिथं आकाराला आली, आणि अंगणवाडी हा शब्द तिथून देशभर गेला. बाहेरून आलेल्यांनी इथल्यांच्या मुलांकडे, त्यांच्या अंगणात जाऊन शिकवायचं ठरवलं, हे त्यात मोठं आहे. असंच काहीसं परदेशातही घडलं: अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात डाल्टन नावाचं गालिच्यांच्या कारखान्यांचं शहर आहे. तिथं 1990 च्या दशकात मेक्सिकोतली कुटुंबं कामासाठी मोठ्या संख्येनं आली, आणि पाहता पाहता शाळांचे वर्ग स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांनी भरले. शहरानं 1997 च्या सुमारास मेक्सिकोतल्या मोंतेरे विद्यापीठाच्या मदतीनं दोन्ही भाषा येणारे शिक्षक आणवले आणि आपले शिक्षक तिकडे शिकायला धाडले. मागून भाऊ, मग मेहुणा, मग त्याचं गाव असा ओघ डाल्टनलाही होता, डहाणूलाही होता. फरक हा की डाल्टनला आलेले मजूर होते आणि शाळेनं त्यांच्याकडे हात पुढे केला. डहाणूला आलेले काही वर्षांत मालक झाले, आणि शाळेची खरी गरज होती ती मुळात इथं राहणाऱ्यांच्या मुलांना.

चौथ्या फडताळानं माझं मत बरंच बदललं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस डहाणूत 500 मेगावॅटचा कोळशावरचा वीजप्रकल्प आला. राख आणि गंधकाच्या धुरानं चिकूचा मोहोर जाईल ही बागायतदारांची भीती होती. विरोध कोर्टात गेला, आणि 1991 मध्ये केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला: उद्योगांना सगळ्या तालुक्यात मिळून 500 एकरच, भोवती 25 किलोमीटरचा संरक्षक पट्टा. हा निर्णय नुसता कागदावर राहू नये म्हणून पुन्हा सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं. 31 ऑक्टोबर 1996 च्या निकालानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. या लढ्यातलं एक आघाडीचं नाव होतं नर्गिस इराणी. प्राधिकरणाच्या रेट्यामुळे 2007 मध्ये प्रकल्पाला धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली.

हा लढा वाडीवाल्यांचा स्वार्थ होता, असं म्हणणारे आहेत. स्वार्थ होताच, ज्याची झाडं जाणार तोच पहिला ओरडणार. पण जी हवा आणि जे पाणी त्या खटल्यानं राखलं ते गंजाडच्या पाड्यांचंही होतं. डहाणूच्याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराचा प्रस्ताव पहिल्यांदा आला तेव्हा मच्छीमार, आदिवासी संघटना आणि बागायतदार एका बाजूला उभे होते, आणि 1998 मध्ये प्राधिकरणानं तो नाकारला. साठ वर्षांपूर्वी ज्यांच्या आजोबांनी एकमेकांकडे मालक आणि गडी म्हणून पाहिलं, ती माणसं एका कागदावर सह्या करत होती. हुकूम देण्यासाठी शिकलेली भाषा अशा वेळी वेगळ्या कामाला येते. आधीचा हिशोब याने मिटला असं मी म्हणणार नाही. जमीन जिथं होती तिथंच आहे. पण इराणी डहाणूचे झाले ते चिकू लावला तेव्हा नव्हे. त्यांच्या आणि वारल्यांच्या भीतीचं कारण एक झालं, तेव्हा ते इथले झाले.

आज हे सगळं पुन्हा हललंय. 2023 मध्ये प्राधिकरणानं वाढवणला संमती दिली, 30 ऑगस्ट 2024 ला बंदराची पायाभरणी झाली. बुलेट ट्रेन आणि नवा महामार्ग याच तालुक्यांतून जातात. इराणी घरांतली तरुण पिढी मुंबईला, परदेशी गेली आहे. देशभरातले पारशी-इराणी मिळून 2001 मध्ये 69,601 होते, 2011 मध्ये 57,264 राहिले. काही वाड्या विकल्या गेल्या, काहींत आता पर्यटकांसाठी खोल्या आहेत. घरात दारी बोलायला दोन माणसं लागतात, आणि पुष्कळ घरांत एकच उरलं आहे.

आणि गंजाड, तलासरीची माणसंही जातात. दिवाळी उलटली की भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत, गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून. बोट सागरी सीमेपलीकडे गेली म्हणून कराचीच्या तुरुंगात वर्षं काढून आलेले याच भागातले आहेत. तिथं तेही मूठभरच असतात, त्यांचीही बोली कोणाला कळत नाही, भट्टीवरच्या खोपटात त्यांच्याही मुलांची शाळा बुडते. याझ्दहून आलेल्यांना आपण वसलेले म्हणतो. यांना मात्र मजूर म्हणतो, स्थलांतरित म्हणतो, आणि आठ महिन्यांनी परत आले की त्यांची मोजदादही थांबते. एकाच्या पाठीशी मुंबईचं भांडवल, उदवाड्याचा अग्नी आणि कायद्यानं मानलेली वाडी होती; दुसऱ्याच्या पाठीशी मुकादमाची उचल आहे. ही उचल लग्नगड्याच्या कर्जापासून फार लांबची नाही.

लिहायचं राहिलंय ते हे. इराण्यांच्या वयोवृद्धांच्या मुलाखती आता होतात, ध्वनिमुद्रित केल्या जातात, आणि ते चांगलंच आहे. पण त्याच वाड्यांत लांब बांबूच्या जाळीनं चिकू उतरवणाऱ्या वारली आज्यांकडे कोणी यंत्र घेऊन बसलेलं मला आढळलं नाही. त्यांना मालकाच्या आजोबांचं नाव माहीत आहे. कोणत्या विहिरीला कोणी किती दिवस राबून पाणी लागलं तेही माहीत आहे, आणि कुंपणाच्या आत कुठं कोणाच्या भाताचं खाचर होतं तेही. दोन्हींकडची ही पिढी सत्तरी ओलांडून गेली आहे. गंजाडला शाळा आहे, डहाणूला महाविद्यालय आहे, त्यांत वारली बोलणारी मुलं-मुली शिकत आहेत. या आज्यांजवळ त्यांनीच आधी जाऊन बसावं, आणि पुढच्या पावसाळ्याआधी बसावं.